मेंदूत पसरलेला कॅन्सर: ‘किती दिवस?’ विचारण्याआधी कोणते रिपोर्ट हातात हवेत

मेंदूच्या एमआरआयमध्ये गाठी दिसल्या, की घरातलं कोणीतरी डॉक्टरांना बाजूला घेतं आणि एकच प्रश्न विचारतं: किती दिवस? पुष्कळदा तिथल्या तिथे उत्तरही मिळतं, “चार-सहा महिने.” हा आकडा येतो कुठून, कधी तो बरोबर असतो आणि कधी साफ चुकतो, हे घरच्यांना कळावं म्हणून हा लेख लिहिते आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. कॅन्सरच्या पेशींमधल्या बदलांचा रिपोर्ट, म्हणजे मॉलिक्युलर रिपोर्ट, आल्याशिवाय कोणी आकडा सांगू नये आणि घरच्यांनी तो मागू नये. ‘तपासलंच नाही’ आणि ‘तपासलं, पण सापडलं नाही’ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पण आयुष्याचा अंदाज बांधताना त्या सर्रास एकाच रकान्यात टाकल्या जातात.

आकड्याचा इतिहास थोडक्यात

१९९७ साली अमेरिकेतल्या रेडिएशनच्या जुन्या चाचण्यांमधल्या रुग्णांचे तीन वर्ग पाडले गेले. वय, रुग्णाची हिंडण्याफिरण्याची ताकद, मूळ गाठ आटोक्यात आहे का आणि मेंदूबाहेर पसरण आहे का, एवढ्यावर हे वर्ग ठरले. पहिल्या वर्गातल्यांचं मध्यक आयुष्य (निम्मे याहून कमी जगले, निम्मे जास्त) ७.१ महिने, दुसऱ्यातल्यांचं ४.२ आणि तिसऱ्यातल्यांचं २.३. फुप्फुसाचा कॅन्सर असो वा स्तनाचा, सगळे एकाच तक्त्यात. ‘चार-सहा महिने’ हे उत्तर याच काळातलं आहे.

पुढे डॉ. पॉल स्पर्डुटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीपीए नावाचा गुणांक तयार केला. आधी तो सगळ्या कॅन्सरना मिळून एकच होता, मग प्रत्येक कॅन्सरचा वेगळा झाला. २०१२ मध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या गुणांकात गाठीचा उपप्रकार आला. २०१७ मध्ये फुप्फुसाच्या गुणांकात ईजीएफआर आणि एएलके, तर मेलॅनोमाच्या, म्हणजे त्वचेच्या एका कॅन्सरच्या, गुणांकात बी-रॅफ हा जनुकबदल आला. गुण शून्य ते चार. जितके जास्त, तितकं आयुष्य लांब असण्याची शक्यता जास्त.

पहिली पायरी: ही गाठ कॅन्सरचीच आहे ना?

ही पायरी बरेचजण गाळतात. १९९० साली पॅचेल यांच्या प्रसिद्ध चाचणीत, मेंदूत एकच गाठ असलेल्या ५४ रुग्णांच्या गाठीचा तुकडा काढून तपासला, तेव्हा सहाजणांमध्ये ती पसरलेल्या कॅन्सरची गाठ नव्हतीच. कोणाला मेंदूचाच वेगळा ट्यूमर होता, कोणाला जंतुसंसर्ग किंवा सूज. आपल्याकडे तर क्षयाची गाठ आणि फीतकृमीच्या अळ्यांच्या गाठी मेंदूत सर्रास सापडतात. मूळ कॅन्सर पाच-सात वर्षांपूर्वी बरा झाला असेल, मेंदूत एकच गाठ असेल आणि बाकी शरीर स्वच्छ असेल, तर विचारा: “डॉक्टर, ही टीबीची किंवा दुसरी कसली गाठ असू शकते का? तुकडा तपासायची गरज आहे का?”

एमआरआय औषध टोचून, म्हणजे कॉन्ट्रास्टसह, झालाय ना हेही पाहून घ्या. साध्या सीटी स्कॅनमध्ये बारीक गाठी निसटतात. पुढच्या हिशेबात गाठींची संख्या लागणार आहे, त्यामुळे ती सीटीवरून मोजलेली नको.

दुसरी पायरी: ब्लॉक शोधा

सगळ्या मॉलिक्युलर तपासण्या ज्यावर होतात तो म्हणजे पॅराफिन ब्लॉक. बायॉप्सीचा तुकडा मेणात बसवून लॅबमध्ये जपून ठेवलेला असतो, तो. मूळ बायॉप्सी नाशिकला झालेली, ऑपरेशन पुण्याला आणि आता उपचार मुंबईत, अशा वेळी तो कुठल्या तरी लॅबच्या कपाटात पडून असतो आणि इकडे नव्या डॉक्टरांच्या हातात फक्त कागद असतो. पॅथॉलॉजी रिपोर्टवर वरच्या कोपऱ्यात एक नंबर छापलेला असतो. तो नंबर, रुग्णाचं ओळखपत्र आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन त्या लॅबमध्ये जायचं आणि ‘ब्लॉक आणि स्लाइड्स’ मागायच्या. नुसत्या स्लाइड्स आणल्या तर जनुकांच्या तपासणीसाठी पुन्हा फेरी पडू शकते.

नवी बायॉप्सी होणार असेल तर दोन गोष्टींकडे बारकाईने लक्ष द्या. लहान गावांत बायॉप्सीची बाटली नातेवाइकांच्याच हातात देऊन लॅबमध्ये पाठवतात. त्या बाटलीत फॉर्मॅलिन आहे ना, हे डॉक्टरांकडून किंवा सिस्टरकडून विचारून घ्या. सलाइनमध्ये तासन्‌तास राहिलेला तुकडा कुजायला लागतो आणि सगळी खटपट वाया जाते. दुसरं, तुकडा हाडातून घेतला असेल, तर हाड मऊ करण्यासाठी लॅब तो आम्लात ठेवते आणि त्यात डीएनए खराब होतो. हाड सोडून दुसरीकडून, म्हणजे मानेच्या गाठीतून, यकृतातून किंवा छातीत साठलेल्या पाण्यातून नमुना मिळत असेल तर तो बरा, हे आधीच सुचवा. छातीच्या पाण्यातल्या पेशी गोळा करूनही ब्लॉक बनवता येतो. म्हाताऱ्या, थकलेल्या माणसाला सुईची बायॉप्सी झेपत नसेल तेव्हा हा मार्ग फार उपयोगी पडतो.

तिसरी पायरी: कोणत्या कॅन्सरला काय तपासायचं

सगळ्यात जास्त जीव फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये ओतायला हवा, कारण मेंदूत पसरणाऱ्या कॅन्सरमध्ये तो पुढे असतो आणि रिपोर्टमुळे होणारा फरकही इथेच मोठा असतो. रिपोर्टवर प्रकार ‘अ‍ॅडेनोकार्सिनोमा’ असा लिहिला असेल तर किमान ईजीएफआर, एएलके, आरओएस-१ हे जनुकबदल आणि पीडी-एल१ हे प्रथिन, असे चार हवेतच. आपल्या देशात या प्रकारच्या रुग्णांपैकी साधारण चौघांत एकाच्या गाठीत ईजीएफआरचा बदल सापडतो. सिगारेट कधी न ओढलेल्यांत तो जास्त आढळतो, पण ओढणाऱ्यांत नसतोच असं नाही. त्यामुळे ‘बिडी ओढायचे, कशाला तपासायचं’ हे कोणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका.

ईजीएफआरची पीसीआरवर होणारी तपासणी आणि एएलकेची रंग देऊन होणारी तपासणी, म्हणजे आयएचसी, काही दिवसांत हातात येते. एनजीएस म्हणजे एकाच वेळी पुष्कळ जनुकं वाचणारी तपासणी. तिला साधारण दोन-तीन आठवडे लागतात आणि पैसेही जास्त. परवडत असेल तर एनजीएस करा, कारण त्यात आरईटी, एमईटी, केआरएएस, बी-रॅफ, हर-२ हेही कळतात. परवडत नसेल तर आधी ईजीएफआर आणि एएलके, आणि ते निगेटिव्ह आल्यावर पुढचं. काही औषध कंपन्या ठराविक तपासण्या मोफत किंवा सवलतीत करून देतात, तेव्हा डॉक्टरांना किंवा रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाला विचारायला लाजू नका.

इथे एक धोक्याची सूचना. पीडी-एल१ लवकर आला आणि जास्त आला, म्हणून ईजीएफआर-एएलकेची वाट न पाहता इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणारं औषध, सुरू करायची घाई होते. ज्यांच्या गाठीत ईजीएफआर किंवा एएलकेचा बदल आहे त्यांना इम्युनोथेरपीचा फायदा सहसा कमीच होतो. शिवाय तिच्यामागोमाग ऑसिमर्टिनिब, म्हणजे ईजीएफआरच्या बदलावरची गोळी, दिलं, तर फुप्फुसाला गंभीर सूज येण्याचा धोका वाढतो. थोडे दिवस थांबता येण्यासारखं असेल, तर थांबा.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये तीन गोष्टी: ईआर, पीआर (हे दोन हार्मोनचे) आणि हर-२ (पेशींवरचं वाढीचं प्रथिन). हे रिपोर्ट बहुतेकांकडे आधीच असतात. हर-२ समोर ‘२+’ लिहिलं असेल तर तो निकाल अर्धवट आहे, फिश नावाची पुढची तपासणी झाल्याशिवाय त्याला पॉझिटिव्हही म्हणता येत नाही आणि निगेटिव्हही नाही. फाइलमध्ये ‘२+’ वरच थांबलेले रिपोर्ट असतात आणि मधली वर्षं तशीच निघून गेलेली असतात, म्हणून हे मुद्दाम सांगते.

मेलॅनोमा आपल्याकडे विरळा, पण असला तर बी-रॅफ तपासायचं. मूत्रपिंडाच्या कॅन्सरच्या गुणांकात जनुक नाही, साधं हिमोग्लोबिन आहे. फुप्फुसाचा स्मॉल सेल प्रकार आणि पोट-आतड्याचा कॅन्सर यांच्या गुणांकांत अजून एकही जनुकबदल बसलेला नाही. तिथे वय, ताकद, गाठींची संख्या आणि मेंदूबाहेरची पसरण यांवरच अंदाज बांधला जातो.

चौथी पायरी: हिशेब मांडून पाहा

फुप्फुसाच्या अ‍ॅडेनोकार्सिनोमाचा २०१७ चा गुणांक घेऊ. वय सत्तरच्या आत असेल तर अर्धा गुण, सत्तर किंवा वर असेल तर शून्य. कार्नोफ्स्की अंक, म्हणजे रुग्णाची कामाची ताकद, ९० ते १०० असेल तर एक, ८० असेल तर अर्धा, ७० किंवा खाली शून्य. मेंदूबाहेर पसरण नसेल तर एक, असेल तर शून्य. मेंदूत एक ते चार गाठी असतील तर अर्धा, चारपेक्षा जास्त असतील तर शून्य. आणि शेवटचा रकाना: ईजीएफआर किंवा एएलके पॉझिटिव्ह असेल तर पूर्ण एक, निगेटिव्ह *किंवा माहीत नसेल* तर शून्य.

आता एक उदाहरण. बासष्ट वर्षांच्या काकू आहेत. घरातली कामं थोड्या कष्टाने का होईना, करतात, म्हणजे ताकद ८०. मेंदूत तीन गाठी, मणक्यातही पसरलेलं. जनुकांचा रिपोर्ट आलेला नाही. वयाचा अर्धा, ताकदीचा अर्धा, गाठींच्या संख्येचा अर्धा, बाकी शून्य. एकूण दीड. या गटाचं मध्यक आयुष्य १३.७ महिने. पंधरा दिवसांनी रिपोर्ट येतो, ईजीएफआर जनुकाच्या एक्झॉन १९ या भागात बदल. काकू त्याच, एमआरआय तोच, पण गुण अडीच होतात आणि त्या गटाचं मध्यक आयुष्य २६.५ महिने. साडेतीन-चार गुण असलेल्यांचं ४६.८ महिने, शून्य ते एक गुण असलेल्यांचं ६.९. रिपोर्टच्या आधी विचारलेल्या ‘किती दिवस?’चं उत्तर जवळपास निम्म्याने चुकू शकतं, ते असं. २०२२ मध्ये याच गुणांकात पीडी-एल१ ही आला.

कार्नोफ्स्की अंकाबाबत एक सल्ला. फिट येऊन बेशुद्ध अवस्थेत दाखल झालेल्या माणसाचा त्या दिवशीचा अंक घेऊ नका. मेंदूची सूज उतरवायला डेक्सामेथासोन सुरू झालं की पुष्कळजण चार-आठ दिवसांत उठून बसतात, स्वतःच्या हाताने जेवतात. डॉक्टरांना विचारा की सूज उतरल्यावर ताकद कितपत धरायची.

स्तनाच्या कॅन्सरचा हिशेब असा: ताकद ९० ते १०० असेल तर एक, ७०-८० असेल तर अर्धा, वय साठच्या आत असेल तर अर्धा, मेंदूत एकच गाठ असेल तर अर्धा, मेंदूबाहेर पसरण नसेल तर अर्धा. उपप्रकाराचे गुण सगळ्यांत जड. तिन्ही निगेटिव्ह असतील तर शून्य, ईआर किंवा पीआर पॉझिटिव्ह आणि हर-२ निगेटिव्ह असेल तर अर्धा, हर-२ पॉझिटिव्ह असेल तर दीड. शून्य ते एक गुणांना मध्यक ६ महिने, दीड-दोनला १३, अडीच-तीनला २४ आणि साडेतीन-चारला ३६. या तक्त्यात ‘ल्युमिनल बी’ हे नाव हार्मोन आणि हर-२ दोन्ही पॉझिटिव्ह असलेल्यांसाठी वापरलंय. पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये तेच नाव कधीकधी केआय-६७ (पेशी किती वेगाने वाढतात ते सांगणारा आकडा) जास्त असलेल्या, पण हर-२ निगेटिव्ह गाठीसाठी असतं. तेव्हा नावावर न जाता तिन्ही निकाल स्वतः बघा.

पाचवी पायरी: मेंदूतली गाठ मूळ गाठीसारखीच आहे का?

मला स्वतःला यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा वाटतो, आणि यावर सगळ्यात कमी बोललं जातं. २०१५ मध्ये ब्रास्टियानोस आणि सहकाऱ्यांनी ८६ रुग्णांच्या मूळ गाठी आणि मेंदूतल्या गाठी शेजारी ठेवून वाचल्या. ५३ टक्के रुग्णांच्या मेंदूतल्या गाठीत, उपचाराच्या दृष्टीने कामाचे ठरू शकतील असे बदल होते, जे मूळ गाठीच्या नमुन्यात दिसले नव्हते. गाठ मेंदूत रुजल्यावर ती वेगळ्या वाटेने बदलत जाते. स्तनाच्या कॅन्सरमध्येही मूळ गाठीचा उपप्रकार आणि मेंदूतल्या गाठीचा उपप्रकार साधारण एक तृतीयांश रुग्णांत जुळत नाही.

त्याचा हिशेबावर काय परिणाम होतो, ते बघा. स्तनाचा कॅन्सर असलेली शेहेचाळीस वर्षांची बाई, ताकद ८०, मेंदूत तीन गाठी, यकृतात पसरण, मूळ गाठ तिन्ही निगेटिव्ह. एकूण गुण एक, म्हणजे सहा महिन्यांचा गट. एक मोठी गाठ दाब देतेय म्हणून न्यूरोसर्जनने ती काढली आणि तपासली तर हर-२ पॉझिटिव्ह निघाली. गुण अडीच. गट बदलला आणि उपचारही बदलले. हर-२ पॉझिटिव्ह आजार मेंदूत असलेल्यांसाठी टुकाटिनिबसारखी औषधं आहेत. हर-२ क्लाइंब चाचणीत मेंदूत आजार असलेल्या रुग्णांचं मध्यक आयुष्य टुकाटिनिब जोडल्यावर २१.६ महिने होतं, त्याशिवाय १२.५.

म्हणून मेंदूचं ऑपरेशन दुसऱ्या कारणाने ठरलंच असेल, तर आदल्या दिवशीच सांगून ठेवा: “नुसता ‘मेटास्टॅसिस’, म्हणजे पसरलेला कॅन्सर, असा रिपोर्ट देऊन सोडू नका. ईआर, पीआर, हर-२ पुन्हा करा, जनुकांची तपासणी करा, ब्लॉक जपून ठेवा.” फक्त तपासणीसाठी मेंदू उघडायचा का, हा वेगळा आणि अवघड प्रश्न आहे. बहुतेकदा उत्तर ‘नाही’ असतं.

मग रक्तावरची लिक्विड बायॉप्सी? शरीरात इतरत्र आजार असेल तर ती उपयोगी. पण आजार फक्त मेंदूत असेल तर रक्तात गाठीचा डीएनए फार कमी उतरतो आणि रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. अशा वेळी पाठीच्या कण्यातलं पाणी, म्हणजे सीएसएफ, जास्त बोलकं असतं. मात्र मेंदूत मोठी गाठ आणि दाब असताना ते पाणी काढणं धोक्याचं असू शकतं, त्यामुळे हा निर्णय डॉक्टरांचाच.

सहावी पायरी: आकडा वाचायचा कसा

मध्यक २६.५ महिने याचा अर्थ त्या गटातले निम्मे लोक तेवढ्यापेक्षा कमी जगले आणि निम्मे जास्त. काकूंना २६.५ महिने ‘मिळाले’ असा त्याचा अर्थ नाही. काहीजण त्याहून खूप कमी जगतात, काही खूप जास्त.

शिवाय फुप्फुसाचा हा तक्ता २००६ ते २०१४ या काळातल्या २,१८६ रुग्णांवर आधारलेला आहे. ऑसिमर्टिनिब आणि लॉर्लाटिनिबसारखी मेंदूत चांगली पोचणारी औषधं तेव्हा नेहमीच्या वापरात नव्हती. लॉर्लाटिनिबच्या क्राउन चाचणीत, एएलके पॉझिटिव्ह रुग्णांपैकी ९२ टक्के पाच वर्षांनीही मेंदूत नवी वाढ होण्यापासून मुक्त होते, तर क्रिझोटिनिब घेणाऱ्यांत हे प्रमाण २१ टक्के होतं. क्रिझोटिनिब हे एएलकेवरचं जुनं औषध, ते मेंदूत फारसं पोचत नाही. म्हणजे जुन्या तक्त्यातला एकच गुण आज जास्त मोलाचा झालाय, पण औषध मिळालं तरच. लॉर्लाटिनिबवर कोलेस्टेरॉल वाढतं आणि काहींना चिडचिड, विसराळूपणा, मूड बदलणं हेही होतं. घरच्यांना हे आधी माहीत असावं, नाहीतर आजार वाढला असं वाटून घर हादरतं.

महाग गोळी परवडत नाही म्हणून रिपोर्टच करायचा नाही, असंही होतं. तसं करू नका. मुंबईत टाटा मेमोरियलला डॉ. वनिता नोरोन्हा आणि सहकाऱ्यांनी ईजीएफआर पॉझिटिव्ह ३५० रुग्णांवर चाचणी केली होती. ती २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. तुलनेने स्वस्त असलेल्या जेफिटिनिबला केमोची जोड दिल्यावर आजार आटोक्यात राहण्याचा मध्यक काळ ८ महिन्यांवरून १६ महिन्यांवर गेला. त्यात मेंदूत पसरलेले रुग्णही होते. म्हणजे साध्या गोळीवरही रिपोर्टचं मोल राहतं.

गुण खूप कमी आले तरी आकड्याचा उपयोग असतो, फक्त वेगळ्या दिशेने. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातल्या क्वार्ट्झ चाचणीत, ऑपरेशन किंवा नेमकं (फक्त गाठीवर दिलेलं) रेडिएशन शक्य नसलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या ५३८ रुग्णांत, पूर्ण मेंदूला रेडिएशन दिल्याने आयुष्यात किंवा त्याच्या दर्जात म्हणावा असा फरक पडला नाही. अशा माणसाला रोज गाडीत घालून रेडिएशनला न्यायचं, की डेक्सामेथासोन आणि पॅलिएटिव्ह केअरवर, म्हणजे त्रास कमी ठेवणाऱ्या उपचारांवर, घरी नीट ठेवायचं, हे बसून बोलता येतं. पण इथेही आधी ईजीएफआर-एएलके बघूनच. कारण अगदी अंथरुणाला खिळलेला ईजीएफआर पॉझिटिव्ह माणूसही गोळीवर उठून बसू शकतो.

सातवी पायरी: फाइलचं पहिलं पान आणि पुढच्या भेटी

एका कोऱ्या कागदावर हे लिहा आणि फाइलमध्ये सगळ्यात वर लावा: मूळ कॅन्सर आणि त्याचा प्रकार; कोणती तपासणी, कोणत्या नमुन्यावर, कोणत्या तारखेला, निकाल काय; कोणती झालीच नाही; ब्लॉक सध्या कुठे आहे आणि त्याचा नंबर; मेंदूत किती गाठी, सगळ्यात मोठी किती सेंटिमीटर; मेंदूबाहेर कुठे पसरण. ‘झालीच नाही’ हा रकाना रिकामा सोडू नका. दुसऱ्या मतासाठी गेलात तर डॉक्टरांना दोन मिनिटांत चित्र कळतं आणि पुढचा प्रश्न तुम्हीच विचारू शकता: “गोळी सुरू करून मेंदूतल्या गाठी एमआरआयवर बघत राहायचं, की आधी नेमकं रेडिएशन द्यायचं?” बारीक, त्रास न देणाऱ्या गाठी आणि मेंदूत पोचणारी गोळी असेल तर पहिला पर्याय विचारात घेता येतो. मात्र दर दोन-तीन महिन्यांनी एमआरआय चुकवायचा नाही, ही त्याची अट.

आजार पुन्हा वाढला तर जुन्या रिपोर्टवर विसंबू नका. ईजीएफआरच्या गोळीवर असलेली गाठ नवे बदल घेऊन येते, क्वचित तिचा प्रकारच बदलून स्मॉल सेल होतो. तेव्हा पुन्हा नमुना, पुन्हा तपासणी, आणि फाइलच्या पहिल्या पानावर नवी तारीख.

आणि ज्याची ही फाइल आहे, त्याला त्यातलं किती सांगायचं? “बाबांना काही सांगू नका” असं डॉक्टरांना दाराबाहेर गाठून सांगणारी मुलं घरोघरी असतात, आणि ती प्रेमापोटीच तसं सांगतात. पण बाबांना बहुधा अर्धं कळलेलंच असतं. सगळं एकदम सांगायची गरज नाही. त्यांनाच विचारा: “डॉक्टर रिपोर्टबद्दल बोलणार आहेत, तुम्हाला ऐकायचंय का? किती ऐकायचंय?” ते हो म्हणाले तर पुढच्या भेटीत खुर्ची त्यांची पुढे ठेवा.